गोळीचा आठवा भाग

आमच्या गिरगावातल्या चाळीत मांजराला एक नाव कधीच नव्हतं. जिन्यालगतच्या खोलीत ती मनी, आमच्याकडे सोनी, पोस्टात नोकरीला असलेल्या काकांकडे बाईसाहेब. टोकाच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या आजी तिला नुसतं ‘अगं ए’ म्हणत, आणि त्या हाकेलाही ती धावत जाई. खोली बदलली की नाव बदले आणि नावाबरोबर जेवणही. आमच्याकडे दूधभात. सारस्वत काकूंकडे मांदेलीची डोकी आणि बांगड्याचे काटे. पोस्टातल्या काकांकडे रविवारच्या मटणातलं एखादं हाड. सकाळी कोळीण पाटी उतरवून गॅलरीत मासे साफ करायला बसली की आसपासची सगळी मांजरं तिच्याभोवती येऊन बसत. ओरडत नसत. कल्ले, पख, पोटातलं जे काही निघेल ते तिच्या हातून कधी सुटतं, एवढ्याकडेच त्यांचं लक्ष असे.

सोनीचा सगळा दिवस नाकावर चालायचा. पहाटे आरेच्या केंद्रावरून दुधाच्या काचेच्या बाटल्या आल्या आणि पन्नीचं झाकण निघालं की ती हजर. दुपारी तळणीचा वास. पावसाळ्यात ताजी मासळी मिळेनाशी झाली की कुणीतरी तव्यावर सुकट भाजायला घेई आणि तो वास जिन्यानं वरच्या मजल्यापर्यंत चढे. मांजराच्या जिभेला गोड कळत नाही. त्या चवीसाठी लागणारं एक जनुकच त्याच्यात निकामी झालेलं असतं, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं. त्याची भूक जागी होते ती मुख्यतः वासानं. त्या अर्थानं आमची चाळ म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असलेलं भूक वाढवायचं औषधच होतं. कुणी ते मुद्दाम देत नव्हतं. दारं उघडी असत, चुली आणि स्टोव्ह पेटलेले असत, एवढंच.

आई म्हणायची, ‘आमचं मांजर दूधभातावर पोसलंय.’ ते खरं नव्हतं. मांजर नखशिखांत मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसामाशांतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू ताणून दुबळे होतात, हे १९८७ साली अमेरिकेत लक्षात आलं आणि त्यानंतर मांजरांचं विकतचं खाणं बदललं. सोनीचं हृदय सांभाळलं ते चाळीतल्या उंदरांनी आणि मांदेलीच्या डोक्यांनी. दुधाचं श्रेय घरोघरी घेतलं गेलं. मोठ्या झालेल्या कितीतरी मांजरांना तर दूध नीट पचतही नाही.

अशा जगात मांजर जेवलं नाही तर ते कळायचं कसं? बशीतला दूधभात तसाच राहिला की आई म्हणे, ‘बाहेर खाऊन आली असेल.’ काकूंकडे माशाचं डोकं वास घेऊन टाकलं, तर त्या म्हणत, ‘आज हिच्याकडे दूधभात जास्त झालेला दिसतोय.’ प्रत्येक घराला दुसऱ्या घराचा भरवसा. त्यातून कुणाला शंका आलीच तर मांजर रुसलं म्हणायचं, नाहीतर मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. अंगणातल्या कुंडीतलं गवत खाऊन ती ओकली की सगळ्यांना हायसं वाटे: आता पोट साफ झालं, उद्या खाईल. आणि पुष्कळदा खाईही.

एकदा खाल्लं नाही. जिन्याखाली जुन्या फळ्या आणि फुटक्या बादल्या ठेवलेल्या असत, तिथं ती जाऊन बसली. चाळभर बातमी झाली तेव्हा बायकांनी आपापल्या घरून बशा आणल्या. दूध, माशाचा तुकडा, लोणी, कुणी बाळाचं ग्राइप वॉटर. जिन्याखाली त्या बशांची रांग लागलेली मला अजून दिसते. सोनीनं एकेका बशीचा वास घेतला, ओठ चाटले आणि मान फिरवली. ओठ चाटणं हे मांजराच्या मळमळीचं लक्षण असतं. तेव्हा आम्हाला वाटलं, चव तर घेतेय. मग एका सकाळी ती तिथं नव्हती. ‘मांजर मरण दाखवत नाही,’ असं टोकाच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. आजारी मांजर लपतं ते अशक्तपणात दुसऱ्या जनावराच्या तावडीत सापडू नये म्हणून. त्यात निरोप घेणं वगैरे काही नसतं. ती बहुधा तिच्या किडनीनं गेली, किंवा दातांनी, किंवा आणखी कशानं. कुणीही कधी तपासलं नाही.

दवाखाना नव्हता असं नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तिथंच १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लोक त्याला बैलघोड्यांचं हॉस्पिटल म्हणत. बैल, व्हिक्टोरियाचे घोडे, तबेल्यातल्या म्हशी यांच्यासाठी ते आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक पारशी बाई झाकणाच्या वेताच्या टोपलीतून मांजर घेऊन टॅक्सीत बसलेली मी लहानपणी पाहिली होती. ‘परळला निघाल्या,’ असं कुणीतरी म्हणालं, त्यात थोडं नवल होतं आणि थोडा आदरही. आपल्या मांजराला टॅक्सीनं दवाखान्यात न्यायचं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात येण्यासारखंच नव्हतं. माणसांच्या आजारपणाला पैसे पुरत नव्हते तो काळ.

न जेवणाऱ्या मुलांसाठी मात्र औषध होतं. आमच्या पिढीतली बारीक मुलं आठवा. जेवणाआधी चमचाभर गोड सिरप, म्हणजे कार्टं दोन घास जास्त खाईल. त्यातल्या कित्येक बाटल्यांत सायप्रोहेप्टाडिन असे. मूळचं ते ॲलर्जीचं औषध. भूक लागणं हा त्याचा दुष्परिणाम, आणि त्या दुष्परिणामासाठीच आया ते मागून आणत. त्याच काळी जिन्याखाली बसलेल्या मांजराला लागू पडू शकणारं एक औषध कुठल्यातरी खोलीतल्या फडताळात उभं होतं, हे आता कळतं. आज पशुवैद्य भूक गेलेल्या मांजरांना सायप्रोहेप्टाडिन देतात.

आता मी ठाण्याला राहते. आमची ठमी चौदा वर्षांची आहे. तिला एकच नाव, एकच घर, एकच वाटी. खिडक्यांना जाळ्या आहेत, कारण आम्ही नवव्या मजल्यावर आहोत. मासे कापून, धुऊन, पिशवीत बंद होऊन येतात. स्वयंपाकघरातली चिमणी वास बाहेर ओढून नेते आणि शेजाऱ्यांनाही ते बरं वाटतं. ठमीनं खाल्लं नाही तर ती बाहेर खाऊन आली असेल असं म्हणायला बाहेर कुठे नाहीच. तिचा घास माझ्याच हातात आहे. चाळीतल्या सोनीपाशी जी मोकळीक होती ती हिला नाही, आणि सोनीला जे मिळालं नाही ते हिला द्यायला मी बांधलेली आहे. मांजराला घरात कोंडून घ्यायचं आणि आजारपणी मात्र ‘जनावर आहे, निसर्ग बघून घेईल’ म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात ठमी पाणी जास्त प्यायला लागली, मग वजन उतरलं आणि मग एका सकाळी वाटीशी येऊन मागे फिरली. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. मांजराचं उपाशी राहणं माणसासारखं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की शरीर चरबी मोडून यकृताकडे पाठवू लागतं, आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी निभावत नाही. ती तिथंच साठते, कावीळ होते, आणि मग मूळ आजारापेक्षा हेच दुखणं जीव घेतं. लठ्ठ मांजरांना धोका जास्त. भूक मंदावली म्हणून प्रथिनं कमी जाळायची, ही सोयही मांजराच्या शरीरात फारशी नाही. ते उपाशीपोटी आपलेच स्नायू झिजवत राहतं. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याच्या बाबतीत एखादे वेळी चालून जातं. मांजराच्या बाबतीत भूक लागणंच बंद पडलेलं असतं.

डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आधी तोंड उघडून दात, हिरड्या, जिभेखाली पाहिलं. नाक चोंदलंय का ते पाहिलं, कारण वास येत नसेल तर मांजर खात नाही. पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. किडनीचा जुना विकार निघाला, म्हाताऱ्या मांजरांत नेहमी आढळणारा. कातडीखाली सलाइन दिलं, मळमळ थांबवायचं इंजेक्शन दिलं. मळमळत असताना तोंडात खाणं कोंबलं तर मांजर त्या खाण्याचाच कायमचा तिटकारा धरतं, म्हणून जबरदस्ती करायची नाही, असं त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं. कारण आई घरून निघतानाच म्हणाली होती, ‘मी भरवते बघ तिला.’

मळमळ थांबूनही ठमी खाईना, तेव्हा मिर्टाझापिन आलं. हे माणसांच्या नैराश्यावरचं औषध, १९९६ सालापासून अमेरिकेत वापरात असलेलं. ते घेणारी माणसं जास्त खातात, त्यांचं वजन वाढतं. माणसांच्या दृष्टीनं ती कटकट. मांजरांच्या डॉक्टरांनी नेमकी तीच हेरली. शिवाय ते मळमळही कमी करतं. पूर्वी १५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग देत. किडनीचा विकार असलेल्या मांजरांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवा भाग, म्हणजे १.८८ मिलिग्रॅम, एक दिवसाआड देऊन भूक आणि वजन दोन्ही वाढल्याचं दिसलं. अशा मांजरांच्या शरीरातून औषध उशिरा बाहेर पडतं, म्हणून रोज नाही.

चिठ्ठी घेऊन मी औषधाच्या दुकानात गेले. रुग्णाच्या नावापुढं ठमी आणि आमचं आडनाव होतं. दुकानदारांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ताई, घरात कोण आजारी आहे?’ मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला, आणि त्यांनी आपणहून गोळी कापायचा छोटा डबा काढून दिला. एवढ्याशा गोळीचे आठ तुकडे सारखे होत नाहीत, चुरा होतो. पुढं डॉक्टरांनी तिच्या मापाच्या कॅप्सूल भरून मागवल्या, तेव्हा ते सोपं झालं.

गोळी भरवणं हा या सगळ्यातला खरा अवघड भाग. एरवी मांजराला गोळी खाण्यात लपवून देता येते. जे मांजर खातच नाही त्याला कशात लपवून देणार? टॉवेलात गळ्यापर्यंत गुंडाळायचं, पाठीमागून धरायचं, डोकं वरून पकडून मान किंचित उचलायची, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा दाबायचा आणि कॅप्सूल जिभेच्या मुळाशी टाकायची. लगेच तोंडाच्या कडेनं सिरिंजनं थोडं पाणी, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करत नाही. माझा नवरा धरतो, मी देते. पहिल्यांदा ठमीनं दोघांनाही ओरबाडलं. आता ती नाराजी दाखवते, पण गिळते.

परिणाम त्याच दिवशी दिसला. ती उठली, स्वयंपाकघरात आली आणि ओरडू लागली. जेवली, आणि जेवल्यावरही ओरडत घरभर फिरली. जास्त ओरडणं, सैरभैर होणं हे या औषधाचे ठाऊक असलेले परिणाम. कंप सुटला किंवा धाप लागली तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवायचं. आणि मात्रा जास्त झालीच तर उतारा म्हणून जे औषध देतात ते पुन्हा आमच्या लहानपणीच्या सिरपमधलंच, सायप्रोहेप्टाडिन. म्हणून ही दोन्ही एका वेळी देत नाहीत. त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. आई अंथरुणातून म्हणत होती, ‘ओरडू दे गं, जेवलीय ना.’

आजचं सगळं आयतं मिळालेलं नाही. एक काळ असा होता की भूक लागावी म्हणून मांजरांना डायझेपाम देत, माणसांची झोपेची गोळी. काही मांजरांचं यकृत तोंडानं दिलेल्या त्या गोळ्यांनी काही दिवसांत निकामी होऊन ती दगावली, तशा नोंदी १९९६ साली प्रसिद्ध झाल्या आणि ती पद्धत मागे पडली. जपानमध्ये १९९९ साली घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सापडलं. त्याच्यासारखं काम करणारं कॅप्रोमोरेलिन अमेरिकेत २०२० साली किडनीचा विकार असलेल्या मांजरांसाठी मंजूर झालं. न्यूजर्सीत राहणारी माझी भाची तर तिच्या बोक्याला गोळी देतच नाही. तिकडे मिर्टाझापिनचं मलम २०१८ पासून मिळतं. हातमोजे घालून कानाच्या आतल्या, केस नसलेल्या बाजूला मलमाची बारीक पट्टी लावायची, आज डावा कान, उद्या उजवा. व्हिडिओ कॉलवर तिनं आईला ते लावून दाखवलं. आईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, की कानाला लावलेलं पोटात कसं जातं.

पण औषधानं भूक लागते. ती कशावर पडावी हे वाटीत काय आहे त्यावर ठरतं. किडनीच्या मांजराचं खास खाणं आम्ही आणलं होतं. ठमीनं ते हुंगलंही नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता जे खाईल ते द्या, पथ्य नंतर. तेव्हा आईनं सूत्रं हातात घेतली. तिनं बोईर उकडले, मीठ नाही, कांदालसूण नाही, कारण कांदा आणि लसूण मांजराचं रक्त नासवतात हे तिला आता पक्कं ठाऊक आहे. काटे काढले, बोटांनी कुस्करले, उकडलेलं पाणी घालून सैल केलं, आणि मनगटावर थेंब टाकून कोमट आहे का ते पाहिलं. पसरट बशीत थोडंसंच वाढलं आणि ठमीच्या नाकासमोर एक बोट धरलं. फ्रिजमधून काढलेलं खाणं तसंच ठेवू नका, अंगाच्या उबेइतकं गरम करा, थोडं थोडं द्या, हाताला लावून द्या, असं डॉक्टरांनी छापील कागदावर दिलं होतं. आईनं तो कागद वाचला नव्हता. चाळीतही ती दूधभात तसाच कालवायची, कोमट आणि हातानं. दूध चुकीचं होतं, भात बिनकामाचा होता, पण ती ऊब आणि तो हात बरोबर होता. सुकट भाजून दे म्हणाली, त्याला मात्र मी नाही म्हटलं. खारवलेलं ठमीच्या किडनीला झेपणार नाही.

ठमी आज बरी झालेली नाही, होणारही नाही. बाळांच्या वजनकाट्यावर आम्ही दर रविवारी तिला तोलतो आणि आकडा कॅलेंडरवर लिहितो. कॅप्सूल लागेल तशी. पुढं एखाद्या दिवशी औषधालाही ती जुमानणार नाही, तेव्हा मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून भरवण्याचा मार्ग असतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. तो तिच्यासाठी घ्यायचा की नाही, हे आम्ही तिच्या तेव्हाच्या प्रकृतीकडे बघून ठरवू. माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला काय देता, असं कुणी म्हणालं तर मला राग येत नाही. त्या चाळीत मीही वाढले आहे. पण ज्या बायका आपल्या ताटातलं काढून जिन्याखाली बशी ठेवून आल्या, त्यांना ही कॅप्सूल मिळाली असती तर त्यांनी ती दिली असती, याबद्दल मला शंका नाही.

परवा आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीनं बेल वाजवली. तिचा बोका आदल्या दिवसापासून जेवत नव्हता. ठमीच्या गोळीचं तिनं ऐकलं होतं. एक तुकडा मिळेल का, म्हणाली. चाळीत वाटीभर साखर, विरजण, तापाची गोळी, सगळं असंच मागितलं जाई आणि दिलं जाई. मी नाही दिली. तिला आत बसवून विचारलं, पाणी पितो का, ओकला का, शू करतो का. ती म्हणाली, मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, कण्हतो, पण माती ओली होत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो; त्यात गाळ किंवा खडा अडकला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. अशा बोक्याला भुकेची गोळी देणं म्हणजे तेवढे तास वाया घालवणं. ठमीचा पिंजरा मी तिच्या हातात दिला, चप्पल घातली आणि तिच्याबरोबर खाली उतरले. रिक्षातून जाताना तो एकदाच ओरडला. दवाखान्यात त्याला भूल देऊन नळी घातली, तुंबलेली लघवी निघाली, आणि सलाइन लावून त्याला तिथंच ठेवून घेतलं. सुटून घरी आल्यावर तो आधी पलंगाखाली गेला आणि मग आपणहून वाटीकडे.